मूर्ती, पुतळा, प्रतिमा : काही शब्दांचा आणि त्यांच्या क्रियापदांचा इतिहास

नागभीडला मराठीच्या पदव्युत्तर वर्गापुढे मर्ढेकरांची कविता शिकवीत असताना ‘प्रतिमा’ या संज्ञेचे विवेचन करण्याचा प्रसंग दरवर्षी येतो. काही वर्षांपूर्वी असे विवेचन चालू असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, प्रतिमा म्हणजे फोटोच ना? कार्यक्रमात आपण जिला हार घालतो ती?” वर्ग हसला. मीही हसलो आणि काव्यगत प्रतिमा ही वेगळी गोष्ट असते, ती इंद्रियगोचर अनुभवाची शब्दरूप पुनर्निर्मिती असते, वगैरे नेहमीचे उत्तर दिले. उत्तर चुकीचे नव्हते. पण त्या प्रश्नाला ते पुरेसे नव्हते, हे मला घरी परतताना जाणवले. कारण ती विद्यार्थिनी जे सांगत होती ते भाषिक वास्तव होते. आमच्याकडच्या कोणत्याही समारंभाचा आरंभ ‘प्रतिमापूजना’ने होतो आणि तेथे प्रतिमा म्हणजे चौकटीत बसविलेले छायाचित्रच असते. त्याच गावात देवळात मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते आणि चौकात पुतळ्याचे अनावरण होते. या तीन शब्दांत गावातल्या कोणाचीही गल्लत होत नाही. मूर्तीचे अनावरण केले किंवा पुतळ्याची प्राणप्रतिष्ठा केली असे कोणी म्हणाले, तर निरक्षर माणूससुद्धा त्याला दुरुस्त करील. गल्लत झाली आहे ती समीक्षेत.

मराठी समीक्षेतील ‘प्रतिमा’ ही संज्ञा संस्कृत काव्यशास्त्रातून आलेली नाही. तेथे उपमा आहे, रूपक आहे, बिंबप्रतिबिंबभाव आहे. काव्यघटक या अर्थाने प्रतिमा नाही. इंग्रजीतील ‘इमेज’ला पर्याय म्हणून हा शब्द योजला गेला, आणि मर्ढेकरांनंतरच्या नवकाव्याच्या चर्चेत तो इतका रुळला की त्याची परकी जन्मपत्रिका आपण विसरलो. ‘इमेज’ लॅटिन ‘इमागो’पासून निघाला. तेव्हा आपली ही पारिभाषिक संज्ञा प्रत्यक्षात एका रोमन शब्दाचे मराठी नाव आहे. नाव देताना मूळ शब्दाच्या शेजारी त्याची जी भावंडे नांदत होती, ती मात्र आपल्याकडे आली नाहीत. ती भावंडे पाहिली की आपल्याच भाषेतील मूर्ती, पुतळा, टाक, मारबत या शब्दांकडे निराळ्या दृष्टीने पाहता येते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, रूपवाचक शब्द एकमेकांपासून वेगळे होतात ते त्या वस्तूच्या आकारावरून किंवा द्रव्यावरून नव्हे. त्या वस्तूपुढे समाज जी कृती करतो तिच्यावरून होतात. नामांचा अर्थ क्रियापदांत शोधावा लागतो.

प्रथम इमागो. रोममधील प्रतिष्ठित कुळांच्या घरी, पुढच्या दालनात, लाकडी कपाटांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ठेवलेले असत. ज्यांनी राज्यातील उच्च अधिकारपदे भूषविली अशा पूर्वजांचाच मुखवटा असे. पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात याचे सविस्तर वर्णन केले आहे. कुळात कोणी मोठा माणूस वारला की हे मुखवटे कपाटांतून बाहेर निघत. उंचीने व चालीने त्या त्या पूर्वजाशी मिळतीजुळती माणसे निवडून त्यांच्या तोंडावर ते चढविले जात. पूर्वजाच्या पदाप्रमाणे वस्त्रे दिली जात. आणि मृताच्या अंत्ययात्रेत त्याचे सगळे मेलेले वाडवडील रथात बसून निघत. सभास्थानी ते हस्तिदंती आसनांवर ओळीने बसत आणि वक्ता प्रथम मृताची व नंतर त्या प्रत्येकाची कीर्ती गाई. इमागो म्हणजे हे. तिचे क्रियापद ‘धारण करणे’, ‘मिरविणे’. ज्याच्या घरी असे मुखवटे नाहीत तो ‘नवा माणूस’. सॅलस्टने आपल्या इतिहासात मारिउसच्या तोंडी घातलेले भाषण या मुखवटेवाल्यांवरील रागाने भरलेले आहे. रोमनांची इमागो मनात उमटणारी नव्हती. ती वारसाहक्काने मिळत होती, आणि तिच्यावर सत्ता अवलंबून होती.

या शब्दाचे सामर्थ्य किती होते याचा पुरावा टॅसिटसने नोंदविलेल्या एका अंत्ययात्रेत मिळतो. इ. स. २२ मध्ये जुनिया ही वृद्ध स्त्री वारली. ती ब्रूटसची बहीण आणि कॅसिअसची विधवा. सीझरच्या या दोन मारेकऱ्यांचा फिलिप्पीच्या रणांगणावर अंत झाल्याला तेव्हा साठाहून अधिक वर्षे उलटली होती. तिच्या अंत्ययात्रेत वीस थोर कुळांच्या इमागो पुढे चालल्या. ब्रूटस आणि कॅसिअस यांचे चेहरे तेवढे नव्हते, असू शकत नव्हते. टॅसिटसचा अभिप्राय असा की, न दिसल्यामुळेच ते दोघे सर्वांत अधिक उठून दिसले. येथे टॅसिटस शब्द बदलतो हेही लक्षात घ्यावे. मिरविलेल्या वीस कुळांसाठी तो ‘इमागो’ वापरतो आणि अनुपस्थित दोघांसाठी ‘एफिगिएस’. यामागे केवळ पुनरुक्ती टाळण्याची शैलीही असू शकेल. पण दुसऱ्या शब्दाची घडण वेगळी आहे. तो ‘दाबून, घडवून बाहेर काढणे’ या धातूपासून झाला आहे. एफिगिएस म्हणजे माणसाच्या जागी ठेवायचा त्याचा घडीव ठसा. पुढे युरोपीय कायद्यात हाच शब्द हाती न लागलेल्या गुन्हेगाराच्या बदली फाशी देण्याच्या किंवा जाळण्याच्या आकृतीला लागला. तेथे आपण पुन्हा येणार आहोत.

उरलेल्या तीन शब्दांकडे थोडक्यात पाहता येईल. ‘स्तातुआ’ हा उभे करणे या क्रियेपासून निघालेला शब्द. तो बहुधा माणसांच्या पुतळ्यांना लागे. देवांच्या बाबतीत ‘सिमुलाक्रुम’ किंवा ‘सिग्नुम’ हे शब्द अधिक येतात. सिमुलाक्रुम सादृश्यवाचक आहे, आणि त्याला आरंभापासून एक शंका चिकटलेली आहे. ल्युक्रेशिअसने पदार्थांच्या पृष्ठभागावरून सतत सुटून आपल्या डोळ्यांवर येऊन आदळणाऱ्या पातळ पापुद्र्यांना हाच शब्द वापरला. स्वप्नातली माणसे, पाण्यातली झाडे ही सगळी सिमुलाक्रा. ख्रिस्ती लेखकांनी तो परधर्मीयांच्या देवमूर्तींना निंदेने लावला, आणि १९८१ मध्ये बोद्रिआरने तो मूळ नसलेल्या प्रतिकृतीसाठी पुन्हा उभा केला, तेव्हा ही शंका दोन हजार वर्षांची होती. सिग्नुमची गोष्ट निराळी. सिग्नुम म्हणजे खूण; आणि सिग्नुम म्हणजे सैन्याचे निशाणही. इ. स. पूर्व ७० मध्ये सिसेरोने सिसिलीचा लुटारू सुभेदार वेर्रेस याच्याविरुद्ध जी भाषणे रचली, त्यांपैकी देवळांतून व घरांतून पळविलेल्या शिल्पांविषयीच्या भाषणाला परंपरेने याच शब्दावरून नाव मिळाले आहे. पण पलटणीतल्या शिपायाला सिग्नुम म्हणजे काठीवर उंच धरलेली ती खूण, जिच्या मागे जायचे. तिच्या कलागुणांची चर्चा तो करीत नाही. तिचे क्रियापद ‘मागे जाणे’.

रोमन शिल्पशब्दांचा असा अभ्यास पाश्चात्त्य विद्वानांनी बारकाईने केला आहे. पीटर स्ट्यूअर्ट यांचे रोमन समाजातील पुतळ्यांविषयीचे २००३ चे पुस्तक त्या दृष्टीने वाचनीय आहे. परंतु या प्रश्नाची जाण केवळ तिकडची, असे समजण्याचे कारण नाही. पाणिनीने तो व्याकरणाच्या पातळीवर हाताळला आहे, तोही अशा अचूकपणे की आजच्या अर्थविचारालाही त्यातून शिकता यावे. प्रतिकृती या अर्थाने नामाला ‘क’ प्रत्यय लागतो : घोड्याची आकृती तो ‘अश्वक’. परंतु जी आकृती उपजीविकेचे साधन आहे आणि तरीही विकाऊ नाही, तिच्या बाबतीत हा प्रत्यय लुप्त होतो. म्हणजे बाजारात विकायला मांडलेला शिव तो ‘शिवक’. आणि ज्याच्या पूजेवर पुजारी जगतो पण ज्याला तो विकत नाही, तो ‘शिव’. पाषाण तोच आणि घडणही तीच. बदलली ती वस्तूपुढची कृती, आणि तिच्याबरोबर शब्दाचे शेपूट गळून पडले. पतंजलीने यावर भाष्य करताना सोन्याच्या लोभाने मौर्यांनी अर्चा, म्हणजे देवांच्या आकृती, तयार करविल्याचा उल्लेख करून त्यांना कोणता नियम लावावा याची चर्चा केली आहे. राजनीतीचा इतिहास एका तद्धित प्रत्ययाच्या चर्चेत सापडावा, हे आपल्या वाङ्मयाचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

पाणिनीचा हा नियम मराठीत जिवंत आहे, प्रत्ययाशिवाय. भाद्रपदाच्या आधी कुंभारवाड्यात आपण ‘मूर्ती’ पाहतो, मूर्तीची उंची विचारतो, मूर्ती मातीची की पीओपीची याची चौकशी करतो. चतुर्थीला मात्र ‘आमच्याकडे मूर्ती बसते’ असे कोणी म्हणत नाही. ‘गणपती बसतो’ असेच म्हणतो. प्रतिष्ठेनंतर प्रतिकृतिवाचक शब्द गळतो आणि देवाचे नाव तेवढे उरते. विसर्जनानंतर पाण्याबाहेर राहिलेले अवशेष पुन्हा ‘मूर्ती’ होतात. वृत्तपत्रांत ‘भग्न मूर्तीं’ची छायाचित्रे येतात, ‘भग्न गणपतीं’ची क्वचितच. मूर्ती या शब्दाची व्युत्पत्तीही येथे सहायक ठरते. घट्ट होणे, साकळणे या अर्थाच्या ‘मूर्छ्’ धातूशी तो निगडित आहे. जे अमूर्त होते ते साकळून आकाराला आले, ती मूर्ती. म्हणूनच मराठी जिवंत माणसालाही मूर्ती म्हणते. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ या म्हणीत दगडाचा संबंध नाही. पुतळा हा शब्द जिवंत माणसाला लावला तर तो निश्चेष्ट आहे एवढेच त्यातून कळते.

‘प्रतिमा’ हा शब्द याहून अलिप्त आहे. प्रति आणि मा : समोर ठेवून मापणे. त्यात मोजमाप आहे, तुल्यता आहे, आणि मापणाऱ्याचे अंतरही आहे. भासाच्या नावावर असलेल्या ‘प्रतिमा’ नाटकात या अंतराचाच प्रसंग आहे. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येच्या सीमेवर एका मंदिरासारख्या घरात शिरतो, तेथील आकृती देवांच्या समजून नमस्कार करू पाहतो. रखवालदार त्याला थांबवितो : या देवांच्या नव्हेत, इक्ष्वाकू राजांच्या प्रतिमा आहेत, आणि फक्त मृतांच्याच येथे बसवितात. त्या रांगेत शेवटी दशरथ आहे. भरताला पित्याच्या मृत्यूची वार्ता कोणी सांगत नाही; एका शब्दाचा नेमका अर्थ कळतो आणि त्यातून ती उलगडते. मूर्ती समजून वाकलेला हात प्रतिमेपाशी थांबतो, आणि त्या थांबण्यात सगळी शोकांतिका आहे.

असे प्रतिमागृह महाराष्ट्रात प्रत्यक्ष होते. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सातवाहन कुळातील व्यक्तींच्या आकृती भिंतीवर कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव लिहिले होते : सिमुक, नागनिका व सातकर्णी, महारठी, कुमार. आज त्या आकृती नष्ट झाल्या आहेत. काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत आणि वरची अक्षरे शाबूत आहेत. घाटाच्या तोंडाशी, जकातीच्या वाटेवर, राजकुळाने आपले चेहरे व्यापाऱ्यांसमोर मांडले होते. चेहरे गेले, नावे राहिली. हे लेणे मी प्रथम पाहिले तेव्हा मला जुनियाच्या अंत्ययात्रेची आठवण झाली होती, हे कबूल करतो. तुलना ओढूनताणून केलेली असली तरी.

रोमन इमागोचे खरे मराठी भावंड मात्र प्रतिमा नसून ‘टाक’ आहे. देव्हाऱ्यातील चांदीच्या पत्र्यावर ठसविलेल्या या आकृतींत कुलदेवतांबरोबर घराण्यातील वीरपुरुषांचेही टाक असतात. ते वारसाने येतात. भावाभावांत वाटण्या झाल्या की त्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. नाशिकला धुलिवंदनाच्या दिवशी घरोघरचे हे वीर मिरवणुकीने बाहेर काढून नाचवितात. येथे क्रियापद ‘नाचविणे’. मेलेला पूर्वज वंशजाच्या हातात, गर्दीत, वाजंत्रीच्या तालावर येतो. आणि ज्यांच्या घरी टाक नाही त्यांच्या भिंतीवर हार घातलेल्या तसबिरी असतात. एखाद्याच्या ‘फोटोला हार चढला’ म्हटले की अधिक सांगावे लागत नाही. माझ्या विद्यार्थिनीने प्रतिमेला फोटो म्हटले तेव्हा ती, नकळत, रोमन इमागोच्या माझ्यापेक्षा अधिक जवळ होती.

आता पुतळा. संस्कृत ‘पुत्तल’, ‘पुत्तलिका’ यांच्याशी तो जोडला जातो, आणि त्यांचे नाते पुत्रवाचक शब्दाशी सांगितले जाते. लहानगा, बाहुला, असा त्याचा मूळ भाव. लॅटिनमध्ये ‘पूपिल्ला’ म्हणजे बाहुली आणि डोळ्यातील बाहुलीही. मराठीतही डोळ्यात ‘बाहुली’ असते. समोरच्याच्या डोळ्यात आपले इवले रूप दिसते, हे दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे पाहिले. ‘पुतळी’ या नावाने तर एक रोमन लिपी महाराष्ट्रातील स्त्रियांच्या गळ्यात आली : व्हेनिसचे सोन्याचे नाणे, ज्याच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील अधिपती, दुसरीस ख्रिस्त, आणि कडेने लॅटिन अक्षरे. मराठीने त्यावरचा राजा पाहिला नाही, संत पाहिला नाही, लिपी वाचली नाही; आकृती आहे एवढे पाहिले आणि नाण्याला पुतळी म्हटले. पुतळ्यांच्या माळेत त्याची इकडे पाडलेली अनुकरणेही ओवली गेली, आणि त्यांवरची अक्षरे तर कोणत्याच भाषेची राहिली नाहीत.

परंतु पुतळ्याचे गंभीर क्रियापद ‘जाळणे’ आहे. ते आंदोलनांतून आले असे आपण समजतो. त्याचे मूळ अंत्यविधीत आहे. परदेशी मेलेल्याचे प्रेत हाती लागले नाही तर पळसाच्या ३६० देठांची मानवाकृती रचून तिला अग्नी देण्याचा ‘पालाशविधी’ धर्मशास्त्रात सांगितला आहे. आमच्या जिल्ह्यात पळसाला तोटा नाही, आणि कामासाठी दूर जाऊन न परतलेल्यांनाही नाही. पुतळा हा येथे अनुपस्थित देहाचा प्रतिनिधी आहे. त्याला जाळल्यावर सुतक सुटते, श्राद्ध सुरू होते, कायदा मोकळा होतो. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने हेच वैरभावाने केले : पळून गेलेल्या किंवा मरून गेलेल्या दोषींना ‘इश्तातुआ’च्या रूपात, म्हणजे पुतळ्याच्या रूपात, जाळण्याची शिक्षा दिली जाई. वैद्य गार्सिया द ऑर्ता याची तर १५८० मध्ये हाडे उकरून जाळली. लॅटिनमधील उभे करण्याचा शब्द पोर्तुगीजांच्या हाती जाळण्याचा झाला, हा शब्दार्थाच्या इतिहासातील एक भयंकर प्रसंग आहे.

विदर्भात याचे एक लोकरूप आहे, मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी व पिवळी मारबत आणि बडगे निघतात. पूर्व विदर्भातील गावांत तिला शिवेबाहेर नेऊन टाकतात वा जाळतात, आणि जाताना रोगराई, ढेकूण, डास यांना तिच्याबरोबर हाकलतात. मारबत पुतळा खरा. पण ती कोणाची प्रतिकृती नव्हे. तिला मूळच नाही. जे जे नको ते वाहून नेण्यासाठी तिला रूप दिलेले असते. ‘जाळणे’ या क्रियापदाचा वाद रावणाच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. दसऱ्याला गावोगाव रावणाचा पुतळा जाळतात. त्याच दिवशी चंद्रपूर-गडचिरोलीकडील कित्येक गोंड बांधव रावणाला पूर्वज मानून त्याची पूजा करतात आणि दहनाला विरोध नोंदवितात. आकृती एकच, दहा तोंडांची. एका जमावापुढे ती पुतळा असते, दुसऱ्यापुढे पूजनीय रूप. हा वाद इतिहासाचा वा श्रद्धेचा आहेच. पण तो क्रियापदाचाही आहे. अंत्यविधीतील शब्द दुसऱ्याच्या पूर्वजावर वापरण्याचा अधिकार कोणाला, असा तो प्रश्न आहे.

येथे हेही नोंदविले पाहिजे की गोंडांचा स्वतःचा ‘पेन’ हा बहुधा मुखविरहित असतो. तो चिन्हात, लाकडात, धातूच्या वस्तूत असतो. पेनठाण्यात राहतो, खांद्यावर येतो, हलतो, आणि त्याच्या हलण्यातून तो बोलतो असे मानले जाते. महानुभावांनीही देवतामूर्तींच्या पूजेऐवजी चक्रधरांच्या सहवासाने पावन झालेल्या स्थानांना नमस्कार करण्याची परंपरा घडविली. त्या स्थानांवर ओटे आहेत आणि ‘स्थानपोथी’ हा त्यांची नोंद ठेवणारा ग्रंथ आहे. रूपाशिवायही प्रातिनिध्य शक्य असते, हे मराठी मुलखाच्या पूर्वेकडील टोकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

चौकातला उभा पुतळा ही इंग्रजी राजवटीची देणगी. मुंबईतील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा तो युवराज असताना, १८७९ मध्ये, बसविला गेला. लोकांनी स्वाराकडे दुर्लक्ष करून त्याला ‘काळा घोडा’ म्हटले. १९६५ मध्ये तो पुतळा तेथून हलविला, तरी नाव राहिले, आणि २०१७ मध्ये त्या जागी एक घोडा उभारला गेला, स्वाराशिवाय. शब्दाने पुतळा घडविल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या वाट्याला असे विस्मरण आले नाही. १८९६ मध्ये चाफेकरांनी तिच्या मुंबईतील पुतळ्याला डांबर फासले. पुतळ्याचे आणखी एक क्रियापद त्या रात्री दिसले : विटंबना करणे.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचा विचार करावा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला त्यांनी धम्मदीक्षा दिली. देवमूर्तींचे पूजन नाकारणाऱ्या प्रतिज्ञा ज्यांनी घेतल्या, त्यांच्या गावांत पुढे बाबासाहेब उभे राहिले ते ‘पुतळा’ म्हणूनच. बुद्धाची मूर्ती म्हणतात, अलीकडे ‘बुद्धरूप’ असाही शब्द ऐकू येतो. बाबासाहेबांची ‘मूर्ती’ कोणी म्हणत नाही. वरवर पाहता हा शब्दाचा सैल वापर वाटेल. वस्तुतः तो सिद्धान्ताचा काटेकोर वापर आहे. प्राणप्रतिष्ठा नाही, म्हणून मूर्ती नाही. पण पुतळा म्हणजे केवळ शोभेची वस्तू असेही नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जण मेले. ज्यात प्राण प्रतिष्ठित केलेले नाहीत अशा रूपापायी माणसांचे प्राण गेले. तेव्हा मूर्ती पवित्र आणि पुतळा लौकिक, ही सोपी विभागणी टिकत नाही.

मग हा पुतळा काय आहे? निळा कोट, हातात ग्रंथ, वर उचललेले बोट : विदर्भातल्या कोणत्याही गावी तो जवळजवळ एकसारखा असतो. शिल्पाचे जाणकार या एकसारखेपणाची तक्रार करतात. मला वाटते, ते स्तातुआच्या कसोटीने सिग्नुमची परीक्षा करीत आहेत. निशाण प्रत्येक हातात तेच असावे लागते. वेगळे झाले तर त्याच्यामागे जाता येत नाही.

याच ठिकाणी मूळ वाङ्मयीन प्रश्नाकडे परत येता येते. दलित कवितेत बाबासाहेबांसाठी सूर्य पुन्हा पुन्हा येतो. ही प्रतिमा साचेबंद झाली, तिची नवलाई ओसरली, असा आक्षेप आपल्या समीक्षेने अनेक वर्षे घेतला. वर्गात मीही तो शिकविला आहे. त्या आक्षेपामागचा निकष नवकाव्याचा आहे : प्रतिमा अपूर्व असावी, खासगी संवेदनेतून फुटलेली असावी. पण या कवितेतला सूर्य तुल्यतेसाठी मापून घेतलेला नाही. तो उंच धरलेला आहे. त्याचे क्रियापद ‘मागे जाणे’ आहे आणि पुनरावृत्ती हे त्याचे कार्यच आहे. प्रत्येक दलित कवितेतील प्रत्येक सूर्य यामुळे चांगला ठरतो असे माझे म्हणणे नाही. निशाणही निष्काळजीपणे धरता येते, आणि तसे धरलेले पुष्कळ आढळते. पण ते कसे धरले आहे हे पाहायला हवे, ते नवे आहे की नाही हे नव्हे. याउलट मर्ढेकरांचे मेलेले उंदीर. त्यांच्यामागे कोणी जात नाही, त्यांना कोणी मिरवीत नाही. माणसांच्या जागी ते ठेवले आहेत म्हणावे तर ते पुतळे ठरतील. पण वाचताना माणसे हळूहळू नाहीशी होतात आणि मूळ कोणते याचीच शंका येऊ लागते. हा सिमुलाक्रुमचा प्रदेश आहे. या दोन्हींना ‘प्रतिमा’ म्हणून एकाच तराजूत घालणे म्हणजे मारबत, टाक आणि गणपती यांची एकाच दुकानात किंमत विचारणे आहे. सुधीर रसाळांच्या ‘कविता आणि प्रतिमा’सारख्या ग्रंथाने या संज्ञेला शिस्त दिली, हे ऋण मोठे आहे, ती शिस्त आता अनेकवचनी व्हायला हवी असे वाटते.

त्या प्रश्नानंतरच्या वर्षी मी वर्गाला एक काम दिले. आपापल्या गावातील रूपांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे त्याचे काय करतात ते क्रियापद लिहायचे, विशेषण चालणार नाही. मुलांनी पुष्कळ आणले : बसवितात, शेंदूर लावतात, नाचवितात, शिवेबाहेर नेतात, पुसतात, हार घालतात, राखण करतात. चंद्रपूरच्या एका विद्यार्थ्याने लालपेठेतील त्या प्रचंड शिल्पांविषयी लिहिले होते. ही कातळात घडविलेली शिल्पे रायप्पा नावाच्या कोमट्याने एका मोठ्या देवालयासाठी करवून घेतली आणि देवालय होण्यापूर्वी तो मेला, अशी कथा आहे. त्यांतील सर्वांत मोठे, सुमारे २५ फूट लांबीचे शिल्प दहा तोंडांच्या दुर्गेचे आहे. ते कधी उभे राहिले नाही, त्याचे नेत्रोन्मीलन झाले नाही, त्यामुळे त्याला देवीचे नावही लाभले नाही. लोक त्याला रावण म्हणतात. मुलाने यादीत ‘रावण (दुर्गा)’ असे लिहून पुढे क्रियापदाच्या रकान्यात लिहिले होते : ‘पडून आहे.’